ट्रोम्सोची संक्रांत

जानेवारीच्या मध्याला सोलापूरचं घड्याळ सिद्धरामेश्वरांच्या नावानं चालतं. नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं उंचच उंच काठ्या तोलत गर्दीतून वाट काढतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात आणि होम मैदानावर गड्डा रंगतो. थंडी असते, पण नावाला. पहाटे स्वेटर, दुपारी घाम. घरातली वडीलधारी मंडळी कानाला मफलर गुंडाळून ‘यंदा गारठा फार’ म्हणतात तेव्हा पारा बारा-तेरा अंशांवर असतो.

नेमक्या त्याच आठवड्यात नॉर्वेच्या उत्तर टोकाकडच्या ट्रोम्सो या गावात माणसं सूर्याची वाट बघत असतात. आर्क्टिक वृत्ताच्या साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला असलेल्या या गावात २७ नोव्हेंबरच्या सुमारास सूर्य मावळतो तो सात आठवडे उगवतच नाही. गणिताप्रमाणे १५ जानेवारीला तो पुन्हा क्षितिजाला लागतो, पण भोवतालचे डोंगर आडवे येतात. म्हणून गाव सूर्याचा दिवस पाळतं २१ जानेवारीला. त्या दिवशी जॅम भरलेले, तळलेले गोल पाव खायचे असतात. इकडे तीळगूळ, तिकडे सूर्यपाव. खगोलाच्या हिशेबानं उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ तारखेलाच सुरू होतं आणि आपली मकरसंक्रांत त्याच्या तीन-साडेतीन आठवडे मागून येते, हे शाळेत शिकवलेलं असतं. ट्रोम्सोत मात्र आपल्या पंचांगाची तारीख जवळपास बिनचूक लागू पडते. ज्या गावानं पंचांग कधी पाहिलं नाही, तिथं ते असं खरं ठरावं, ही गंमतच.

अलीकडे या दोन संक्रांतींची गाठ पडू लागली आहे. मराठी वर्तमानपत्रांतल्या सहलींच्या जाहिरातींत ताजमहाल आणि आयफेल टॉवरच्या शेजारी हिरव्या प्रकाशानं उजळलेलं आकाश दिसतं. ‘नॉर्दर्न लाइट्स’ हे शब्द आता सातारा-सांगली-सोलापूरच्या बैठकीच्या खोल्यांतही सहज उच्चारले जातात. केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये सहल कंपनी काढली, तेव्हापासून मराठी मध्यमवर्ग गटानं जग बघायला शिकला. पण तो प्रवास मुख्यतः मे महिन्यातला होता. शाळेला सुट्टी, अंगाची लाहीलाही, तेव्हा चला स्वित्झर्लंडला. आता गंगा उलटी वाहते आहे. सोलापूरचा वर्षातला एकमेव सुखाचा महिना सोडून माणसं वजा दहा अंशांकडे निघतात, उजेड सोडून अंधाराकडे जातात आणि तेही जगातल्या सर्वांत महाग देशांपैकी एका देशात.

यात वेडेपणा आहे असं वाटणाऱ्यांची संख्या कमी नाही. पण वेडेपणा जाण्यात नाही. तिथून आपण जी तक्रार घेऊन परततो, ती ऐकण्यासारखी आहे.

तक्रार अर्थात महागाईची.

तिची सुरुवात देश सोडण्याआधीच होते. शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि अर्ज फेटाळला गेला तर ते परत मिळत नाही. २०२४ मध्ये भारतीयांनी सुमारे ११ लाख अर्ज केले, त्यांतले १ लाख ६५ हजारांच्या आसपास फेटाळले गेले. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला सोलापूरकराला मुंबई किंवा पुणं गाठावं लागतं. ‘सिद्धेश्वर एक्स्प्रेस’नं रात्री निघायचं, सकाळी फायली सावरत रांगेत उभं राहायचं आणि बँकेच्या पासबुकाची पानं अनोळखी माणसासमोर उलगडायची. उत्तर ध्रुवाकडे जाण्याचा पहिला टप्पा हा असा असतो.

तिथं उतरल्यावर गुणाकाराचा आजार जडतो. नॉर्वेचा क्रोनर साधारण आठ-नऊ रुपयांचा. हॉटेलात कॉफीचा पेला पन्नास-साठ क्रोनर. पापणी लवायच्या आत डोकं हिशेब करतं : साडेचारशे, पाचशे रुपये! एवढ्यात सोलापुरात चौघांचा नाश्ता होऊन वर पानसुपारी. पहिले दोन दिवस कॉफी कडू लागते, तिसऱ्या दिवशी माणूस खोलीतल्या किटलीत पाणी उकळून चहाची पिशवी बुडवू लागतो. टॅक्सीचं मीटर बघवत नाही. बिअर तर चवीआधी किमतीनंच झिंग आणते. परत आल्यावर नातेवाइकांना सांगायला हिरव्या प्रकाशापेक्षा हे आकडे अधिक उपयोगी पडतात, कारण प्रकाश फोटोत दिसतो, आकडे ऐकणाऱ्याच्या छातीत धस्स करतात.

‘त्यांचं काय, त्यांच्याकडे तेल आहे,’ असा एक ठरलेला निकाल या गप्पांत लागतो. अर्धाच खरा. नॉर्वेला १९६९ मध्ये उत्तर समुद्रात एकोफिस्कचा मोठा तेलसाठा सापडला. त्या पैशाची उधळपट्टी होऊ नये म्हणून १९९० मध्ये निधीचा कायदा झाला, १९९६ मध्ये पहिली रक्कम त्यात पडली आणि २०२५ मध्ये हा निधी २० लाख कोटी क्रोनरच्या घरात गेला. एवढ्या पैशाचे मालक किती, तर ५६ लाख लोक. २०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याचीच लोकसंख्या ४३ लाखांवर होती. पण आइसलँडकडे तेल नाही, फिनलंडकडे नाही, तरी कॉफीचा पेला तिथंही स्वस्त मिळत नाही. आइसलँडची सगळी वस्ती ३ लाख ९० हजारांच्या आसपास, म्हणजे सोलापूर शहराच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्याशा बेटावर समुद्रातून आणलेलं सामान महाग असणारच, करही भारी आहेत. नॉर्वेत बहुतेक वस्तूंवर २५ टक्के मूल्यवर्धित कर आहे, खाण्यापिण्याच्या वस्तूंवर थोडा कमी.

तरीही त्या पेल्यातला मोठा हिस्सा तेलाचा नसतो, कराचा नसतो, कॉफीच्या बियांचा तर नसतोच. तो पेला पुढ्यात आणून ठेवणाऱ्या माणसाच्या पगाराचा असतो.

नॉर्वेत सरसकट लागू होणारं सरकारी किमान वेतन नाही. तिथं कामगार संघटना आणि मालक समोरासमोर बसून दर ठरवतात. या रीतीचा पाया १९३५ च्या मूळ कराराचा. ज्या धंद्यांत कामगारांना, विशेषतः बाहेरून आलेल्यांना, नाडलं जाण्याची भीती असते, तिथं हे ठरलेले दर सगळ्या मालकांना बंधनकारक केले जातात. सफाई, बांधकाम आणि हॉटेलं त्यात येतात. सफाई कामगाराला तासाला दोनशेहून अधिक क्रोनर मिळतात, म्हणजे सतराशे-अठराशे रुपये. तासाला. ज्या खोलीच्या भाड्यानं पाहुण्याचे डोळे पांढरे झाले, ती झाडणारी बाई संध्याकाळी आपल्या मुलाला घेऊन त्याच गावात बर्फावर घसरायला जाते, तिचंही चारचौघांसारखं घर असतं, आणि ती त्याच दुकानात भाजी घेते जिथं पाहुणा टोमॅटोचा भाव बघून मागे फिरला.

हे सोलापूरकराला सांगायची खरं तर गरज नसावी. हे कामगारांचं गाव. जुनी गिरणी इथं १८७७ मध्ये उभी राहिली, तिच्या भोंग्यावर गावाची दिनचर्या चालली. पुढे गिरण्या एकेक करत बंद पडल्या, तेव्हा काम संपलं नाही, फक्त कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडून पत्र्याच्या शेडमध्ये आणि घराच्या उंबऱ्यात येऊन बसलं. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांतले पुरुष यंत्रमागावर, बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला. विडीची मजुरी हजारावर मोजतात. पानं भिजवणं, कापणं, तंबाखू भरून वळणं, दोरा बांधणं, सगळं धरून हजार विड्या. वर छाट काढली गेली की तेवढ्या विड्यांची मेहनत पाण्यात. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत २००६ मध्ये विडी कामगार बायकांना दहा हजार घरं मिळाली, पुढे रे नगरच्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झालं. त्या बायांना छप्पर मिळायला किती वर्षं मोर्चे काढावे लागले, हे या शहरानं डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

तर मुद्दा एवढाच की, महाग देश महाग का आहे, या प्रश्नाचं उत्तर स्वस्त देश स्वस्त का आहे, या प्रश्नात दडलेलं असतं. सोलापुरात चौघांचा नाश्ता चारशे रुपयांत होतो, कारण पहाटे चारला उठून पीठ मळणाऱ्या पोराला काय मिळतं हे आपण विचारत नाही. टॉवेल, चादर, विडी, गणवेश, सगळ्यांत आपण जो स्वस्ताईचा अभिमान बाळगतो, त्याचं बिल दुसऱ्या कुणीतरी भरलेलं असतं. ट्रोम्सोला ते बिल आपल्या टेबलावर येतं, छापील. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पूर्ण किंमत मोजावी लागते आणि ती लूट वाटते.

नॉर्वे काही पिढीजात श्रीमंत नव्हतं, हेही लक्षात घ्यावं. १८२५ पासूनच्या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख नॉर्वेजियन पोटासाठी बोटीनं अमेरिकेला गेले. दगडाळ जमीन, बेभरवशी मासेमारी, मोठी कुटुंबं. दुष्काळात मागाचं सामान बैलगाडीत घालून सोलापूरची वाट धरणाऱ्या विणकरांची गोष्ट याहून फार वेगळी नाही.

आता थोडं खाण्याचं. मराठी सहलीत मेथीचे ठेपले, चकल्या, लाडू ही जय्यत तयारी असते आणि त्यावर विनोदही पुष्कळ होतात. पण महाग देशात हिवाळी सुट्टी काढायची तर सोलापूरकरासारखा सज्ज माणूस नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी! पापडासारखी कुरकुरीत झालेली ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते, थंड कोरड्या हवेत तर अधिकच. शेंगाचटणीत दाण्याचं तेल, मिरची आणि लसूण, म्हणजे अंगात ऊब येण्याची सोय. एक लक्षात ठेवायचं. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत आणि नॉर्वेही तोच नियम पाळतो. म्हणजे पेढे, खवा, साजूक तुपातले लाडू अडचणीत येऊ शकतात, चटणीभाकरी नाही.

आणि यात लाजण्यासारखं काहीच नाही, कारण नॉर्वेजियन माणूस स्वतः डबा घेऊन हिंडतो. ‘मातपाक्के’ म्हणतात त्याला. पावाचे काप, त्यावर तपकिरी, गोडसर चीज, मध्ये कागद, की झाला डबा. शाळेतली पोरं, बँकेतला साहेब, डोंगरावर निघालेली आजी, सगळ्यांचा डबा तोच. बाहेर जेवणं त्यांनाही महागच पडतं, म्हणून ते रोज बाहेर जेवत नाहीत. किराणा स्वस्तातल्या दुकानांतून आणतात, पाणी नळाचं पितात. ज्यावर त्यांना पैसे लागत नाहीत, त्याचा उपभोग मात्र ते मनमुराद घेतात. १९५७ च्या कायद्यानं तिथं कुणालाही मोकळ्या रानातून, डोंगरातून, किनाऱ्यावरून चालायचा हक्क दिला आहे. जमीन कुणाच्या का मालकीची असेना. हिरवा प्रकाश त्याच रानातून दिसतो आणि त्याला तिकीट नाही.

दिसला तर.

हे ‘तर’ जाहिरातीत बारीक अक्षरांत असतं. सूर्याकडून सुटलेले विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून ध्रुवांकडे वळतात आणि वरच्या हवेतल्या अणूंवर आदळतात. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा उजळतो, त्याहून वरचा तांबडा. क्रिस्टियान बिर्कलंड या नॉर्वेजियन शास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निर्वात काचपेटीत चुंबकीय गोळा टांगून त्यावर कणांचा मारा केला आणि ध्रुवाभोवती प्रकाशाचं कडं उमटवून दाखवलं. सूर्याचा जोर साधारण अकरा वर्षांच्या चक्रानं वाढतो, कमी होतो. तो ऐन भरात असताना, १० मे २०२४ च्या रात्री, असं सौरवादळ आलं की लडाखमध्ये हानलेच्या वेधशाळेवरूनही आकाशात तांबूस छटा टिपली गेली. पण चक्र कितीही जोरात असलं तरी ट्रोम्सोवर ढग आले की संपलं. किनाऱ्यावरचं गाव, समुद्राची दमट हवा, ढग नेहमीचेच. मग मिनीबस रात्री ढगांमागून फिनलंडच्या सीमेपर्यंत धावते, माणसं बर्फात पाय आपटत उभी राहतात आणि शेवटी उत्तरेला एक फिकट, राखाडी पट्टा दिसतो, जो मोबाइलच्या पडद्यावर हिरवागार उमटतो आणि डोळ्यांना तसा दिसत नाही. कॅमेरा अधिक वेळ प्रकाश साठवतो, डोळ्याला ते जमत नाही. काही रात्री मात्र आकाश खरोखरच पेटतं आणि तेव्हा कुणी पैशांचा हिशेब करत नाही. पण चार रात्रींच्या मुक्कामात ती रात्र येईलच असं कुणी सांगत असेल, तर त्याला भविष्य सांगायच्या धंद्यात अधिक पैसे मिळतील.

या उत्तरेच्या आकाशाशी मराठी माणसाचं नातं जाहिरातींच्या फार आधीचं आहे. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ऋग्वेदातली उषा इतकी लांबलचक का, अनेक दिवस चालणारी पहाट कवीला कुठं दिसली असेल, या प्रश्नातून ते निघाले आणि आर्यांचं मूळ घर ध्रुवप्रदेशात होतं, या निष्कर्षाला पोचले. आजचे अभ्यासक तो निष्कर्ष मान्य करत नाहीत. पण आर्क्टिक कधीही न पाहिलेल्या पुण्याच्या एका माणसानं निव्वळ ग्रंथ आणि गणित यांच्या आधारे ती न संपणारी पहाट डोळ्यांसमोर उभी केली, हे खरंच. आज ट्रोम्सोच्या हॉटेलच्या खिडकीत डिसेंबरच्या दुपारी बाराला दक्षिणेकडे जो गुलाबी-निळा उजेड तास-दोन तास रेंगाळतो आणि सूर्य वर न येताच विरून जातो, तो बघताना टिळकांची आठवण यावी. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत त्या वेळेला ‘मोकळा वेळ, खरेदी’ असं लिहिलेलं असतं.

हल्ली तिथं मराठी आणि गोव्याची माणसं कामालाही जातात. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ओलसुंद इथं भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र २००८ पासून आहे आणि त्याचा कारभार वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे असतो. डिसेंबर २०२३ मध्ये भारताची पहिली हिवाळी आर्क्टिक मोहीम तिकडे गेली, त्यात पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचाही सहभाग होता. काळोखातल्या आर्क्टिकमध्ये पुण्याच्या हवामानशास्त्रज्ञांना रस असण्याचं कारण आपल्या शेताच्या बांधापर्यंत पोचतं : गेल्या चार दशकांत आर्क्टिक उरलेल्या जगाच्या जवळपास चौपट वेगानं तापलं, असं फिनलंडच्या हवामान संस्थेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवून दिलं, आणि तिकडचा बर्फ नि इकडचा पाऊस यांचा काही धागा आहे का, हे शोधायचं आहे. तिथवर विमानानं जाणारा पर्यटक त्या तापण्यात आपली भर घालतोच. यावर सोपं उत्तर नाही आणि ‘झाड लावा’ हे तर नाहीच.

कपड्यांबद्दल बोलायचं तर सोलापूरच्या अभिमानाला इथं एक ठेच लागते. सोलापुरी चादर २००५ पासून भौगोलिक मानांकन मिरवते, घराघरांत ती पिढ्या टिकते, पण ती सुती. सूत ओलं झालं की ऊब देत नाही. उत्तरेत लोकरीचं राज्य. अंगालगत मेंढीच्या लोकरीचा पातळ थर, वर जाड थर, त्यावर वारा अडवणारं कवच, अशी त्यांची रीत. पण मग सोलापूर जिल्ह्याकडे लोकर नाही का? सांगोला-माळशिरसच्या माळावर काळ्या दख्खनी मेंढीच्या लोकरीचं घोंगडं पिढ्यान्‌पिढ्या धनगराच्या खांद्यावर आहे. पाऊस, वारा, थंडी, जमिनीवरची ओल, सगळ्याला ते एकच. अंगाला टोचतं म्हणून आपण ते घराबाहेर काढलं आणि आता बर्फात जायला दुकानातून परदेशी लोकरीचे बनियन चौपट भावानं आणतो.

ट्रोम्सोच्या बाहेर पर्यटकांना रेनडियरच्या गाडीत बसवतात, सामी लोकांच्या तंबूत रेनडियरच्या मटणाचा गरम रस्सा देतात, एखादी सामी बाई त्यांचं पारंपरिक गाणं म्हणून दाखवते. पर्यटक फोटो काढतात. सोलापूरच्या माणसानं तिथं जरा थांबून बघावं. कळपामागं चालत राहणारी माणसं, चराईसाठी लागणारी वाट आणि त्या वाटेत कुणाचं तरी कुंपण, कुणाचा तरी प्रकल्प. नॉर्वेत फोसेन इथं पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आमची चराईची जमीन गेली म्हणून सामी कोर्टात गेले, ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवाने त्यांच्या हक्कांवर गदा आणणारे ठरवले आणि तरीही पाती फिरतच राहिली, म्हणून २०२३ मध्ये सामी तरुणांनी ओस्लोत मंत्रालयाच्या दारात ठाण मांडलं. दिवाळीनंतर माणदेशातून मेंढरं घेऊन खाली उतरणाऱ्या धनगराला विचारा, वनखातं, ऊसवाले आणि नवे रस्ते यांच्यामधून वाट कशी काढावी लागते ते. तेराशे-चौदाशे क्रोनर मोजून सामींचं ऐकणारा माणूस गावी आल्यावर रस्त्यात कळप आडवा आला की हॉर्न वाजवतो.

उत्तरेनं एक गोष्ट मात्र धंद्याच्या दृष्टीनंही अफलातून केली. ट्रोम्सोला आधी लोक उन्हाळ्यात, मध्यरात्रीचा सूर्य बघायला जायचे. हिवाळा हा मंदीचा काळ होता. २००८ मध्ये जोआना लम्ली या ब्रिटिश अभिनेत्रीनं बीबीसीसाठी उत्तरेच्या प्रकाशाच्या शोधाचा माहितीपट केला, त्यानंतर हिवाळी पाहुण्यांची रीघ लागली. आइसलँडमध्ये २०१० साली ज्वालामुखीनं विमानं जमिनीवर आणली आणि त्याच बदनामीवर स्वार होऊन देशानं प्रचार केला. त्या वर्षी पाच लाखांच्या आत असलेले परदेशी पाहुणे २०१८ मध्ये तेवीस लाखांच्या घरात गेले. फिनलंडच्या रोव्हानिएमीची तऱ्हा न्यारीच. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन फौजांनी हे गाव जाळून बेचिराख केलं होतं. आज तिथं सांताक्लॉजचं अधिकृत गाव आहे. अंधार, थंडी, राख, जे वाट्याला आलं ते त्यांनी विकलं.

त्याची किंमत स्थानिकही मोजतात. घरं पर्यटकांना भाड्यानं जाऊ लागली तशी गावकऱ्यांची भाडी चढली, बसमध्ये जागा मिळेना. २०२५ मध्ये नॉर्वेच्या संसदेनं गर्दीच्या गावांना पाहुण्यांवर तीन टक्क्यांपर्यंत कर लावायची मुभा दिली. महागाईत आणखी एक ओळ.

तो अंधार नुसता विकला मात्र जात नाही, जगलाही जातो. कारी लायबोविट्झ ही अमेरिकी मानसशास्त्रज्ञ २०१४ मध्ये ट्रोम्सोला गेली ती, या काळोखात माणसं खचत कशी नाहीत, हा प्रश्न घेऊन. तिला दिसलं ते असं की जितकं उत्तरेला जावं, तितकी माणसं हिवाळ्याकडे संकट म्हणून कमी आणि ऋतू म्हणून अधिक बघतात. दुपारी तीनला मेणबत्त्या लागतात, वाचनालयं भरलेली असतात, काळोखात दिवे लावून पोरं बर्फावर घसरतात. सोलापूरकराला हे परकं वाटू नये. तो चव्वेचाळीस अंशांचा मे महिना असाच जगतो. जाड मातीच्या माळवदाखाली दुपार काढायची, पडदे ओढायचे, माठाला ओलं फडकं, संध्याकाळी सहाला गाव पुन्हा सुरू. दोन्हीकडे तीच युक्ती, फक्त लपायचं कशापासून, एवढाच फरक. मात्र आपण आपल्या उन्हाळ्याची कुरकुर करतो आणि त्याचा अभ्यास करायला कुणी येत नाही.

माणसं उत्तरेकडे जात असताना उत्तरेची पाखरं इकडे येतात, हेही मोठं मौजेचं आहे. ऐन डिसेंबर-जानेवारीत नान्नजच्या माळरानावर कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातले भोवत्ये संध्याकाळी घिरट्या घालत उतरतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीवर मध्य आशियातून आलेल्या भोरड्यांचे थवे पडतात आणि शेतकरी गोफण घेऊन माचाणावर चढतो. उजनीच्या पाणथळीत हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब चरताना दिसतात. तेही हिवाळी सुट्टीवरच आहेत, फक्त त्यांनी अधिक शहाणपणानं जागा निवडली. त्या माळावर, त्या पाण्याकाठी त्याच दिवसांत हुरडा भाजला जात असतो आणि पुण्याहून आलेली मंडळी माणशी दर फार झाला म्हणून शेतकऱ्याशी घासाघीस करत असतात.

ट्रोम्सोहून परतणारं कुटुंब ओस्लो, मग आखातातलं कुठलं तरी विमानतळ, मग मुंबई, असं करत रात्रीची ‘सिद्धेश्वर’ पकडतं आणि सकाळी सोलापूर स्थानकावर उतरतं. बॅगांना विमान कंपनीच्या पट्ट्या अजून लटकत असतात. बाहेर गार वारा, चहाच्या टपरीवर वाफ, रिक्षावाला पुढे येतो.

“कुठं सोडायचं, मालक?”

“जुळे सोलापूर. किती घेणार?”

“बॅगा लई हायत. दीडशे द्या.”

गृहस्थाच्या डोक्यात दहा दिवसांच्या सवयीनं हिशेब सुरू होतो, फक्त या वेळी उलटा. दीडशे भागिले नऊ, म्हणजे सोळा-सतरा क्रोनर. तिथल्या कॉफीच्या पेल्याचा तिसरा हिस्सा.

“शंभरला चल,” तो म्हणतो आणि बॅग उचलून पुढच्या रिक्षाकडे बघतो.